लांबी किती ठेवू?

पुरुषांना कपड्याची लांबी ठरवायची सवयच नसते. पटत नाही? आठवून बघा. दुकानात जायचं, कमरेचा आकडा सांगायचा, ट्रायल रूममधून पॅन्ट घालून बाहेर यायचं. खाली चार बोटं कापड लोळत असतं. "आल्टर करून मिळेल साहेब," दुकानदार म्हणतो. आल्टरवाला खडूने एक रेघ मारतो आणि अर्ध्या तासात पॅन्ट कापून, दुमडून, टीप मारून हातात. ह्या सगळ्यात आपलं योगदान काय, तर मान हलवणे.

आणि समजा ती पॅन्ट इंचभर कमीजास्त झालीच, तर काय बिघडतं? काही नाही. थोडं गबाळं दिसतं. ऑफिसात अर्धी जनता तशीच दिसते.

पण ज्या कपड्यात दोन पायांच्या मधे शिलाईच नसते, तिथे हा निवांतपणा चालत नाही. लुंगी, मुंडू, किल्ट, किंवा सरळ स्पष्ट शब्दांत स्कर्ट. तिथे एका इंचावर बरंच काही अवलंबून असतं. जिन्यावर पाय अडकणार की नाही, बाकावर बसल्यावर चारचौघांत अब्रू राहणार की नाही, वारा आला तर हात कुठे ठेवायचे, वगैरे. बायकांना हे सगळं शाळेच्या युनिफॉर्मपासून माहीत असतं. आपल्याला तिशीपर्यंत कुणी विचारतच नाही.

हसू नका, आजचा विषय खरंच तोच आहे. पुरुषाने स्कर्ट घालायची वेळ आली तर लांबी किती ठेवावी? मला ह्या विषयात दोनदा डोकं घालावं लागलं. एकदा एडिंबरात, गंमत म्हणून. दुसऱ्यांदा डोंबिवलीत, आणि तिथे गंमत नव्हती. आधी एडिंबरा.

ऑनसाइटला असताना क्लायंटच्या टीममधल्या एका स्कॉटिश मित्राचं लग्न निघालं. पत्रिकेवर हायलंड ड्रेसचा उल्लेख होता, म्हणजे किल्ट. विकत घेणं शक्यच नव्हतं. तिथे हा कपडा भाड्याने देणारी दुकानं असतात, आपल्याकडे शेरवानी मिळते तशी. (भाड्याच्या रकमेला रुपयांत गुणून बघू नये. ऑनसाइटचा पहिला नियम.)

दुकानात एक आजोबा होते. गळ्यात टेप, नाकावर चष्मा, थेट आपल्याकडच्या टेलरकाकांसारखे. कमर विचारली. मी रुबाबात सांगितलं, बत्तीस. ते नुसते हसले आणि टेप बेंबीवरून फिरवली. पस्तीस! म्हणजे मधले तीन इंच जीन्सच्या कंपनीने आणि मी मिळून इतकी वर्षं लपवून ठेवले होते. :)

तर पहिला धडा हा. किल्ट जीन्ससारखा खाली, कमरेच्या हाडांवर बसत नाही. तो वर, साधारण बेंबीच्या रेषेत बांधतात. त्यामुळे पॅन्टचा नंबर सांगून उपयोग शून्य. तीन मापं लागतात. बेंबीपाशी कमर, बसायच्या भागाचा सगळ्यात रुंद घेर आणि बेंबीपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत लांबी. माप देताना समोर बघायचं. खाली वाकून "किती आलं हो?" असं बघितलं की टेप सरकते आणि आकडा चुकतो. आजोबांनी माझी हनुवटी दोनदा वर केली.

माझी लांबी निघाली २२ इंच. मला वाटलं आता झालं. पण आजोबांनी किल्ट घालायला लावला आणि म्हणाले, गुडघे टेकून ताठ उभा राहा. मी दुकानाच्या मधोमध, देवळात बसतात तसा गुडघ्यांवर. त्यांनी काठ बघितला. गुडघे टेकल्यावर काठ जमिनीला जेमतेम टेकावा, किंवा फार तर इंचभर वर राहावा. जमिनीवर कापड गोळा झालं तर लांब, मधे हात जाईल इतकी फट राहिली तर आखूड. टेप नाही, आरसा नाही, चार्ट नाही. इतकी साधी टेस्ट केस मी आयुष्यात लिहिलेली नाही.

पण नेमका गुडघ्याचा मध्यच का? मी विचारलं, तर आजोबांनी उत्तर न देता २४ इंची किल्ट आणून दिला. म्हणाले, चालून बघ. चार पावलांत कळलं. लोकरीचा जाड, जड काठ प्रत्येक पावलाला पोटरीवर आपटतो. दुकानातल्या दुकानात ठीक आहे, पण दिवसभर, त्यात एडिंबराचा पाऊस! उलट आखूड असला तर उभं असताना झकास आणि बसल्यावर पंचाईत. बसलं की पुढचा काठ आपोआप चारपाच इंच मागे सरकतो. म्हणजे उभं असताना गुडघ्याच्या वर चार बोटं असणारा किल्ट बसल्यावर कुठपर्यंत जाईल, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

ह्यातली खरी मेख पुढे आहे. किल्ट खालून कापून आखूड करता येत नाही. पूर्ण किल्टला ८ यार्ड कापड लागतं, म्हणजे सव्वासात मीटरच्या आसपास. नऊवारीच्या जवळपास गेलोच की आपण. माग दुप्पट रुंदीचं कापड विणतो, ते मधोमध उभं फाडून दोन पट्टे करतात आणि मागावरचा मूळ काठ खाली ठेवतात. खाली दुमड नाही, टीप नाही. त्यामुळे चुण्या सुरेख पडतात आणि हलतात. पण त्यामुळेच लांबी कमी करायची तर वरून, कमरेकडून उसवावं लागतं आणि तिथे सगळ्या चुण्या शिवून बसवलेल्या असतात. थोडक्यात लांबी हार्डकोडेड. आल्टरवाल्याला इथे काम नाही. एकदाच ठरवायची आणि नीट ठरवायची.

बाकी तपशील मजेशीर आहेत. पायमोज्यांची घडी गुडघ्याच्या वाटीखाली दोनतीन बोटांवर येते, म्हणजे काठ आणि मोजा यांच्या मधे गुडघा उघडा राहिला पाहिजे. पुढे एकावर एक असे दोन पदर येतात. खालच्या कोपऱ्यात जी पिन असते ती फक्त वरच्या पदराला लावतात. दोन्ही पदर एकत्र टोचले तर कापड ओढतं आणि फाटतंही. समोर लटकणारी चामड्याची पिशवी म्हणजे स्पोरन. किल्टला खिसे नसतात म्हणून ती, पण बसल्यावर पुढचं कापड दाबून धरायलाही तिचा उपयोग होतो. बसताना मागच्या चुण्या हाताने सारख्या करून मग टेकायचं. आपली आई साडी सावरून बसते, अगदी तसंच. आणि हो, आत काय घालायचं हा जो प्रश्न सगळ्यांच्या मनात आहे, त्याचं उत्तर मी देणार नाही. भाड्याच्या दुकानाने मात्र स्पष्ट सूचना दिली होती. :)

लग्नात रात्री केली झाली. केली म्हणजे त्यांचा सामुदायिक नाच, साधारण गरबा अधिक धक्काबुक्की. तीन तास नाचलो. सांगण्यासारखी गोष्ट अशी की पहिल्या दहा मिनिटांनंतर मी काय घातलंय हे विसरून गेलो. योग्य लांबीची माझी व्याख्या आता हीच आहे. जी विसरता येते ती.

लग्नाहून परत आलो तर माझा मल्याळी रूममेट सोफ्यावर मुंडू नेसून बसला होता. त्याने माझ्याकडे आपादमस्तक बघितलं आणि विचारलं, "ह्याचं वर-खाली होतं का?" मी म्हटलं नाही. "मग काय उपयोग?" विषय संपला.

तसं बघितलं तर बरोबरच आहे त्याचं. मुंडू घोट्यापर्यंत येतो. काम करायचं, पाण्यातून जायचं, भराभर चालायचं असेल की खालचा काठ उचलून कमरेला खोचायचा, झाला गुडघ्यापर्यंत. समोरून कुणी वडीलधारं आलं की सोडून परत घोट्यापर्यंत. म्हणजे लांबी ही एक संख्या नाहीच, ती प्रसंगावर ठरते. किल्ट हार्डकोडेड, मुंडू रनटाइमला बदलता येणारा. केरळात मुंडू नेसून माणसं लग्नाला जातात, देवळात जातात, विधानसभेत बसतात.

मजा म्हणजे किल्टसुद्धा मुळात तसाच होता. जुना मोठा किल्ट म्हणजे शिवलेला कपडा नव्हताच. एक लांबलचक कापड, अंगाभोवती चुण्या घालून पट्ट्याने आवळायचं, उरलेलं खांद्यावर टाकायचं. पट्टा कुठे आवळला त्यावर लांबी ठरायची. अठराव्या शतकात वरचा भाग गेला, खालचा राहिला आणि चुण्या शिवून टाकल्या गेल्या. १७४६ मध्ये, कलोडनच्या लढाईत जेकोबाइट बंडवाल्यांचा पराभव झाल्यावर, ब्रिटिश संसदेने स्कॉटलंडच्या पुरुषांना हा पोशाख करायलाच बंदी घातली. सैन्यातले सोडून. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षं समुद्रापार रवानगी. बंदी उठली १७८२ मध्ये.

आणि १८२२ मध्ये त्याच ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला, तेव्हा दरबारात त्याने चक्क किल्ट घातला! वॉल्टर स्कॉट ह्या लेखकमहाशयांनी सगळा सोहळा आखला होता. राजाचा घेर दांडगा, किल्ट आखूड, आणि पाय झाकायला आत गुलाबीसर तंग विजार. व्यंगचित्रकारांची चंगळ झाली. एवढे दरबारी, एवढे शिंपी, पण राजाला गुडघे टेकून उभं राहा असं सांगायची कुणाची छाती झाली नसावी.

मला ह्यात राहून राहून वाटलं ते हे, की कपडा एकच. पंच्याहत्तर वर्षांपूर्वी घातला तर तुरुंग, नंतर घातला तर दरबार. कापडाने काहीच केलं नाही. बघणाऱ्यांनी केलं.

हे अजूनही चालूच असतं. २०१३ च्या उन्हाळ्यात स्टॉकहोममधल्या एका लोकल रेल्वेच्या पुरुष ड्रायव्हरांना उकाड्यात हाफ पॅन्ट घालायला परवानगी नव्हती. नियमात स्कर्ट चालत होता. मग काय, ते स्कर्ट घालून गाडी चालवायला लागले. २०१७ च्या जूनमध्ये फ्रान्समधल्या नांतचे बस ड्रायव्हर आणि इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या एका शाळेतली मुलं, दोघांनी हेच केलं. बातम्यांत सगळीकडे गंमत म्हणून आलं. पण ह्यातल्या कुणालाही स्कर्टची हौस नव्हती. त्यांना फक्त उकडत होतं, आणि घरी बसणं परवडणारं नव्हतं.

असो. आता डोंबिवली.

मी परत आल्यावर काही महिन्यांनी बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. जांघेतला हर्निया. ऑपरेशन नीट पार पडलं. डॉक्टरांनी सांगितलं, वजन उचलू नका, पट्टा आवळू नका, आणि रोज चाला, पडून राहू नका. ह्यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, असं दोनदा बजावलं.

अडचण अशी की पॅन्ट घातली की तिची शिवण आणि वरचा जाड भाग नेमका टाक्यांवर येई. बसलं की टोचायचं, चाललं की घासायचं. घरात बाबा लुंगीवर असत आणि मजेत असत. घरातल्या घरात हॉल ते स्वयंपाकघर फेऱ्या. पण खाली उतरायचं म्हटलं की, "दोन दिवसांनी बघू." दोन दिवसांचे दहा झाले. ज्या माणसाने पस्तीस वर्षं सकाळची फास्ट लोकल चुकवली नाही, तो माणूस दहा दिवस बिल्डिंगचं गेट ओलांडत नव्हता. आईने भाजी आणायची, मी पेपर आणायचा. संध्याकाळी ते खिडकीत उभे राहून खालच्या बाकावर जमलेल्या मित्रांकडे बघायचे. कुणी वर बघून हात केला की मागे सरकायचे.

"बाबा, लुंगीवरच चला की खाली. कोण बघतंय?"

"सगळे बघतायत. पस्तीस वर्षं इथून पॅन्ट-शर्टात बाहेर पडलो. आता लुंगी लावून फिरू?"

मी मोबाइलवर माझा किल्टमधला फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट बघितला. "ते तिकडचं. तिकडे लोक थंडीत आइस्क्रीमही खातात."

मला पहिल्यांदा राग आला, मग विचार केला. माझ्या पणजोबांचा फोटो आहे घरी. धोतर, कोट, टोपी. पण धोतर वेगळं, धोतराला कासोटा असतो. आपल्याकडे पुरुषाने कासोटा घालून बाहेर पडायचं, बिनकासोट्याची लुंगी घरात. नियम लिहिलेला कुठेच नाही, पण बाबांच्या अंगात तो मुरलेला आहे. केरळात जन्मले असते तर त्याच जिन्यावरून मुंडू नेसून टेचात उतरले असते. त्यांना समजावून ते बदलणार नव्हतं. वय वर्षं सत्तर. मग म्हटलं, लाज हा बग नाही, ही रिक्वायरमेंट आहे. तशी धरून डिझाइन करू.

आधी नुसती तक्रार नीट ऐकून घेतली. (एरवी आपण क्लायंटची ऐकतो, घरच्यांची ऐकत नाही.) लाजेखेरीज तीन गोष्टी निघाल्या. एक, आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आणि घोट्यापर्यंतची लुंगी जिन्यावर पायात येते. दोन, गाठ सुटेल ह्या भीतीने एक हात कायम कमरेला, मग कठडा कसा धरणार? तीन, अर्धी दुमडून गुडघ्यापर्यंत घेतली तर बाकावर बसल्यावर मांड्या उघड्या पडतात. म्हणजे लांब नको आणि आखूडही नको. किल्टचा गुडघ्याचा मध्य इथे कामाचा नव्हता. तिथे काठाखाली लोकरीचा मोजा असतो, वर स्पोरनचं वजन असतं. इथे सुती कापड, चपला आणि सत्तरीचा संकोच.

मग उत्तर जिन्यानेच दिलं. चढताना आपण खालच्या पायरीवर उभे असतो आणि पुढचा पाय वरच्या पायरीवर टाकतो. समोर लोंबणारा काठ जर पायरीच्या उंचीपेक्षा खाली असेल, तर तो वरच्या पायरीवर टेकतो आणि आपण त्याच्यावर पाय देतो. सरळ हिशेब. मी टेप घेऊन आमच्या जिन्याची पायरी मोजली, ७ इंच. म्हणजे काठ जमिनीपासून ७ इंचांहून वर हवा. मी ८ धरले. वरची बाजू बसण्यावरून ठरली. बसल्यावर काठ चारपाच इंच सरकतो, तरी गुडघा झाकलेला राहिला पाहिजे. दोन्ही बाजू जुळवल्या तर काठ येतो पोटरीच्या मध्याच्या थोडा खाली. बाबांची बेंबीपासून जमिनीपर्यंत उंची ३९ इंच, वजा ८, राहिले ३१. लांबी ३१ इंच.

आता घेर. लांब कपड्याचा घेर कमी असला की पाऊल पडत नाही, माणूस तुरुतुरु चालतो. घोट्यापाशी दोन पावलांत सहज ७० सेंटिमीटर अंतर पडतं, म्हणजे जायला-यायला मिळून दीड मीटर घेर तरी हवा. गुडघ्यापाशी पाय साधारण त्याच्या निम्मेच फाकतात, त्यामुळे आखूड कपडा अरुंद असला तरी चालतो. म्हणून लांबी वाढवली की घेर वाढवायचा, नाहीतर किल्टसारखे दोन पदर एकमेकांवर आणायचे, म्हणजे पाऊल टाकताना ते उघडतात आणि आतलं झाकलेलं राहतं.

कापडाचा प्रश्न आईने सोडवला. कपाटात आहेरातले पॅन्टपीस वर्षानुवर्षं पडलेले असतातच प्रत्येक मराठी घरात. एका लग्नात मला आणि बाबांना एकाच ताग्यातले दोन आले होते, करड्या रंगाचे. दोन्ही काढले. बाबांची एकच अट होती, रंग पॅन्टचा पाहिजे. ती आपोआप पूर्ण झाली.

गल्लीतले टेलरकाका आधी गोंधळले. मी चित्र काढून दाखवलं. मागे चार चुण्या, पुढे दोन पदर, वर नाडी नको, रुंद मऊ पट्टी आणि वेल्क्रो, आणि ती टाक्यांपासून खूप वर, बेंबीशी. दोन्ही बाजूंना खिसे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि टेप हातात घेऊन बाबांना विचारलं, "लांबी किती ठेवू?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी गप्प बसलो. त्यांनी स्वतः पायाशी वाकायला बघितलं, टाके आठवले, सरळ झाले आणि म्हणाले, "एकतीस. जिन्याच्या हिशेबाने."

पहिल्या ट्रायलला एक दोष राहिला. वाऱ्याने पुढचा पदर उडायचा. किल्टचं कापड जड असतं, पॅन्टपीस हलका. मी काठात वजन कसं घालावं, साखळी घालावी का, वगैरे विचार करत बसलो होतो. आई म्हणाली, "साडीला फॉल कशाला लावतात मग?" तिने एका दुपारी जुन्या साडीचा फॉल उसवून आतून काठाला लावला. पदर जागच्या जागी. आमच्या घरात एक इंजिनिअर आहे असं लोक म्हणतात, आकडा चुकीचा आहे.

पहिल्या दिवशी बाबा पावणेसहाला उतरले, अंधारात. मी दोन पायऱ्या पुढे. एक हात कठड्यावर, दुसरा मोकळा. कमरेला नाही, ही गोष्ट मी मुद्दाम बघितली. बिल्डिंगला दोन फेऱ्या मारल्या, वर आलो. दुसऱ्या दिवशी तीन. चौथ्या दिवशी साडेसात वाजले तरी परत आले नाहीत म्हणून खाली डोकावलो, तर बाकावर बसलेले. पेपर उघडलेला, गुडघे झाकलेले, चर्चा जोरात.

नंतर कळलं की कुणीतरी विचारलं होतं, "हे काय नवीन?" बाबांनी शांतपणे सांगितलं, "किल्ट. मुलगा स्कॉटलंडला होता ना."

आता ज्यांना खरोखर उपयोग करायचाय त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑपरेशन असो, त्वचेचा त्रास असो, उकाडा असो किंवा नुसती आवड असो, कारण कुणाला सांगायची गरज नाही. माप बेंबीपासून घ्या, पॅन्टच्या नंबरावरून नको. जाड, जड कापड आणि सपाट चालणं असेल तर गुडघ्याचा मध्य, आणि गुडघे टेकून तपासा. जिने असतील तर पायरीच्या उंचीहून इंचभर वर. आखूड हवा असेल तर घ्या, पण उभं राहून ठरवू नका, खुर्चीवर बसून ठरवा. लांब हवा असेल तर घेर वाढवा. आणि कापड हलकं असेल तर आईला विचारा.

दीड महिन्याने डॉक्टरांनी पॅन्टला परवानगी दिली. बाबा पॅन्ट घालून बँकेत जाऊन आले आणि आल्या आल्या बदलून परत करडा किल्ट चढवला. "उकडतं," एवढंच म्हणाले. मे महिना होता. तो अजून दारामागच्या खुंटीला असतो.

परवा फोन केला तर तिसऱ्या विंगमधल्या एका काकांचं ऑपरेशन होणार असल्याचं कळलं. त्यांनी बाबांकडे माप मागितलं होतं. बाबा म्हणाले, "मी सांगितलं त्यांना, माझं घेऊन चालणार नाही. तुमच्या विंगच्या पायऱ्या मोजून या आधी."